पंपाच्या डब्यात पायथॉन की सी? मॅनेज्ड आणि नेटिव्ह कोडमधली निवड

फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या सायबर संचालक कार्यालयाने एक अहवाल काढून सॉफ्टवेअर उद्योगाला जाहीर आवाहन केलं: मेमरीच्या चुका मुळातच होऊ न देणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषांकडे वळा. रोख सी आणि सी प्लस प्लसवर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सीसा आणि एफबीआय यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. सी, सी प्लस प्लससारख्या भाषांत लिहिलेली उत्पादनं विकणाऱ्यांनी ती कशी सुधारणार याचा आराखडा १ जानेवारी २०२६ पर्यंत जाहीर करावा, असं त्यांनी सांगितलं. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदाही डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. भाषा कुठली वापरा हे तो सांगत नाही, पण विकलेल्या वस्तूच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करत राहण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतो. त्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून सुरू होतात आणि युरोपात माल पाठवणाऱ्या पुण्या-नाशिकच्या छोट्या उद्योगालाही ती लागू पडतात.

या हालचालींमागे एक आकडा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरी चुकीची हाताळल्यामुळे होतात. गुगलच्या क्रोम ब्राउझरचा आकडाही जवळपास तेवढाच निघाला.

हे आकडे संगणक आणि ब्राउझरमधल्या अवाढव्य सॉफ्टवेअरचे आहेत. शेतातल्या मोटारीला लावायचा मोबाईल ऑटो, म्हणजे फोनवरून पंप चालू-बंद करणारा डबा, बनवणाऱ्याने त्यातून काय घ्यायचं? त्याच्या चिपमध्ये अर्धा एमबी मेमरी, शेजारी ४१५ व्होल्टची तीन-फेज लाइन, आणि चूक झाली तर जळणार शेतकऱ्याची मोटार. इथे ‘सी सोडा’ किंवा ‘पायथॉन खेळण्यापुरतंच’ असा एका ओळीचा निकाल कामाचा नाही. त्या डब्यातलं कुठलं काम थोडंही उशिरा झालेलं चालणार नाही, हे आधी शोधावं लागतं. निवड तिथून सुरू होते.

दोन्हींत फरक काय?

सी, सी प्लस प्लस किंवा रस्टमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम संगणकावर कंपाइल होतो तेव्हा त्याचं थेट त्या चिपच्या आज्ञांमध्ये रूपांतर होतं. चिपवर तेवढ्याच आज्ञा जातात आणि त्या जशाच्या तशा चालतात. हा नेटिव्ह कोड.

जावा, सी शार्प, मायक्रोपायथॉन (छोट्या चिपसाठीचं पायथॉन) यांचं तसं नाही. प्रोग्रॅमचं रूपांतर बाइटकोड नावाच्या मधल्या रूपात होतं आणि ते चालवायला चिपवर आणखी एक प्रोग्रॅम कायम हजर असतो. त्याला रनटाइम म्हणतात. तो बाइटकोडमधली एकेक सूचना वाचून अमलात आणतो, यादीत दहाच नोंदी असताना अकरावी मागितली तर अडवतो, आणि वापरून झालेली मेमरी गोळा करून परत वापरात आणतो. या शेवटच्या कामाला गार्बेज कलेक्शन म्हणतात. असा रनटाइमच्या देखरेखीखाली चालणारा कोड म्हणजे मॅनेज्ड कोड.

मंगल कार्यालय घेऊन केलेलं कार्य आणि घरच्या अंगणातलं कार्य यांत जो फरक, तोच इथे आहे. कार्यालयात ताटं उचलणं, टेबलं पुसणं हे तुमच्या डोक्याला नसतं. पण पन्नास पानांचं कार्य असलं तरी हॉलचं भाडं पूर्ण द्यावं लागतं, दोन पंगतींमध्ये साफसफाईला थांबावं लागतं, आणि स्वयंपाकघरात तुम्हाला शिरता येत नाही. रनटाइमचंही असंच: प्रोग्रॅम कितीही छोटा असला तरी मेमरीचा ठरावीक हप्ता जातो, गार्बेज कलेक्शन चालू असताना तुमचा कोड थांबतो, आणि हार्डवेअरला सहसा थेट हात घालता येत नाही.

मधले प्रकारही आहेत. टायनीगो ही गो भाषेची छोट्या चिपसाठीची आवृत्ती थेट चिपच्या आज्ञा तयार करते, तरी तिच्यात गार्बेज कलेक्शन असतं. म्हणून ‘कंपाइल होतं की नाही’ एवढ्यावर न थांबता ‘मेमरी कोण सांभाळतं आणि माझा कोड कधी थांबतो’ हेही विचारावं.

हप्ता परवडतो का?

मायक्रोपायथॉनला किमान २५६ केबी फ्लॅश आणि १६ केबी रॅम लागते. फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी टिकणारी जागा, प्रोग्रॅम तिथे राहतो. रॅम म्हणजे चालू कामाची जागा. आर्डुइनो उनोवरच्या एटमेगा३२८पी चिपमध्ये ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम आहे. तिथे विषयच मिटतो, नेटिव्ह कोडला पर्याय नाही. ‘ब्लू पिल’ बोर्डावरच्या एसटीएम३२एफ१०३ मध्ये ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम, तिथेही तेच. रास्पबेरी पाय पिकोच्या आरपी२०४० मध्ये २६४ केबी रॅम आहे आणि वाय-फाय असलेल्या ईएसपी३२ चिपमध्ये ५२०. इथून पुढे निवड खरोखर तुमच्या हातात येते. मात्र ५२० केबी हा आकडा कागदावरचा. वाय-फाय, ऑपरेटिंग सिस्टिम आणि रनटाइम आपापला वाटा उचलतात, आणि तुमच्या पायथॉन कोडच्या वाट्याला साधारण शंभर-दीडशे केबी उरतात.

छोट्या चिपवर मॅनेज्ड कोड ही काही नवी कल्पना नाही. मोबाईलमधल्या बहुतेक सिमकार्डांवर जावा कार्ड नावाचा रनटाइम असतो, तोही काही केबी रॅममध्ये. पण तो बसवण्यासाठी काय सोडून दिलं ते पाहण्यासारखं आहे. गार्बेज कलेक्शन तिथे ऐच्छिक आहे. म्हणून जाणकार लोक लागणाऱ्या सगळ्या वस्तू प्रोग्रॅम बसवतानाच तयार करून ठेवतात आणि चालू कामात नवी मेमरी मागतच नाहीत. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पाळले जाणारे मिस्रा सी हे नियम नेटिव्ह बाजूने हेच सांगतात: चालू कामात मेमरी मागू नका. दोन्ही बाजूंचे अनुभवी लोक एकाच शिस्तीवर आले आहेत, आणि तुम्ही काहीही निवडलं तरी ही शिस्त पाळावीच.

उशीर म्हणजे नेमका किती?

आता मोबाईल ऑटोचा डबा उघडू. त्याची कामं अशी: तिन्ही फेज आहेत का बघणं, मोटार किती करंट ओढते ते मोजणं, एखादी फेज गेली किंवा विहिरीतलं पाणी संपून पंप कोरडा चालू लागला तर मोटार बंद करणं, फोन किंवा एसएमएसवरून चालू-बंद करणं, आणि वेळापत्रक सांभाळणं.

एक फेज गेली तरी चालू मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढत ती गरम होत जाते आणि वायंडिंग जळतं. निर्णयाला एक-दोन सेकंद मिळतात, तेवढ्यात कुठलीही भाषा पुरे. अडचण मोजणीत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. करंट नीट मोजायचा तर दर मिलिसेकंदाला एक नोंद, आवर्तनाला वीस नोंदी तरी हव्यात. तीन व्होल्टेज आणि तीन करंट धरले तर सेकंदाला ६,००० नोंदी झाल्या. मायक्रोपायथॉनमधून एका नोंदीला ५० ते १०० मायक्रोसेकंद लागले, तर दर सेकंदातला ०.३ ते ०.६ सेकंद नुसता वाचण्यात जातो. त्या नोंदींवरून करंट काढायला लागणारं वर्ग, बेरीज, वर्गमूळ अजून बाकीच आहे. त्यातही मायक्रोपायथॉनमध्ये दशांश संख्येचं प्रत्येक उत्तर बहुतेक चिपवर नवी मेमरी घेतं. सेकंदाला हजारो दशांश संख्या तयार झाल्या की गार्बेज कलेक्शन वारंवार चालणारच.

ते एकदा चाललं की काही मिलिसेकंद जातात. बाहेरून जोडलेली जास्तीची रॅम असेल तर तपासायची जागा वाढते आणि हा थांबा कित्येक पटींनी लांबतो. समजा १० मिलिसेकंद गेले. अर्धं आवर्तन मोजायचं राहिलं, सरासरी चुकली, करंट खरा आहे त्याहून कमी दिसला. दहा वेळा मोजलं तर नऊ वेळा आकडा बरोबर येईल, म्हणून टेबलावरच्या चाचणीत ही चूक सापडत नाही.

जीएसएम मॉड्यूलकडून, म्हणजे सिम घालून मोबाईल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाकडून, येणाऱ्या अक्षरांचाही असाच हिशेब आहे. ११५२०० बॉड या वेगाने सेकंदाला ११,५२० बाइट येतात, म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदांना एक. ईएसपी३२ च्या सिरीयल पोर्टची अंगभूत जागा १२८ बाइटांची, ती ११ मिलिसेकंदांत भरते. सुदैवाने तिथून बाइट उचलणारा ड्रायव्हर सीमध्ये लिहिलेला असतो आणि पायथॉन थांबलं तरी तो थांबत नाही. तो ज्या बफरमध्ये बाइट ठेवतो तो २५६ बाइटांचा असेल तर २२ मिलिसेकंदांनी भरेल. २,०४८ चा केला तर १७७ मिलिसेकंदांची सवड मिळते. एवढा एक आकडा बदलला की ‘अधूनमधून एसएमएस अर्धवट येतो’ ही तक्रार बऱ्याचदा नाहीशी होते. घाईचं काम नेटिव्ह ड्रायव्हरकडे आणि सवडीचं पायथॉनकडे, अशी ही वाटणी आहे.

एक गोष्ट मात्र नेटिव्हच्या बाजूच्या लोकांनीही लक्षात ठेवावी: थांबे सीमध्येही असतात. फ्लॅशचा ४ केबीचा एक भाग पुसायला चाळीस-पन्नास मिलिसेकंद सहज लागतात, कधी त्याहून बरेच जास्त. ईएसपी३२ वर तेवढा वेळ फ्लॅशमधला कोड चालूच शकत नाही. करंट मोजणारा कोड मुद्दाम रॅममध्ये ठेवला नसेल, तर सेटिंग सेव्ह होताना तोही थांबतो. सी वापरलं म्हणजे वेळ आपोआप पाळली गेली, असं नाही.

१६१ बाइटांची जागा आणि एक मराठी एसएमएस

व्हाइट हाउसचा अहवाल ज्या चुकांबद्दल बोलतो, त्या या डब्यात कशा शिरतात ते बघा.

एसएमएस १६० अक्षरांचा, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणून सीमध्ये लिहिणारा १६१ बाइटांची जागा ठेवतो: १६० अक्षरं आणि शेवटाची खूण. इंग्रजी एसएमएससाठी ते बरोबरही आहे. देवनागरी एसएमएस मात्र दुसऱ्या संकेतात जातो. तिथे एका संदेशात ७० अक्षरं मावतात, आणि काना, वेलांटी, उकारही वेगवेगळे मोजले जातात. जीएसएम मॉड्यूल टेक्स्ट मोडमध्ये हा संदेश देताना प्रत्येक अक्षरासाठी चार आकडी संकेत पाठवतं. ‘चालू’ हा शब्द ०९१ए ०९३ई ०९३२ ०९४२ असा सोळा चिन्हांत येतो. पूर्ण ७० अक्षरांचा संदेश २८० चिन्हांचा होतो.

शेतकऱ्याने मराठीत एसएमएस करायचीही गरज नाही. सिमवर रिचार्जची जाहिरात मराठीत आली तरी पुरे. लांबी न तपासता कॉपी करणारी सीची ओळ १६१ च्या जागेत २८१ बाइट लिहिते. पुढचे १२० बाइट शेजारी जे काही असेल त्यावर जातात: मोटारीची करंट मर्यादा, रिले (चिपच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) चालू की बंद याची नोंद, नाहीतर फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता. संगणकावर असा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिम बंद पाडते. या चिपवर तशी राखण सहसा नसते, म्हणून डबा चालू राहतो आणि चुकीचा वागतो. आठवड्याने ‘मोटार ओव्हरलोडला ट्रिप होत नाही’ अशी तक्रार आली, तर तिचा जाहिरातीच्या एसएमएसशी संबंध कोण जोडणार? आणि नंबर माहीत असलेला कुणी मुद्दाम असा संदेश रचून पाठवू लागला, तर ती सुरक्षेची त्रुटी होते.

मॅनेज्ड कोडमध्ये ही चूक या रूपात होऊच शकत नाही. संदेश लांब असला तर त्याला लागेल तेवढी जागा रनटाइम देतो, नाही मिळाली तर स्पष्ट एरर देतो. शेजारच्या मेमरीवर काही सांडत नाही. बाहेरून आलेला मजकूर वाचणं, मग तो एसएमएस असो, सर्व्हरचं उत्तर असो की ब्लूटूथवरून आलेली सेटिंग, हे काम सीमध्ये न करण्याचं माझ्या मते हे सर्वात भक्कम कारण आहे. वेग, सोय, भाषेची आवड हे सगळं त्यानंतर.

मग मॅनेज्ड कोड सुरक्षितच की!

इतक्यात नाही. तोच जाहिरातीचा एसएमएस पायथॉनच्या डब्यात येऊ द्या. कोड लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की संदेशात दोन शब्द असतील, पहिला पासवर्ड आणि दुसरा आज्ञा. आलेल्या संदेशात मोकळी जागाच नाही. दुसरा शब्द मागितल्यावर रनटाइम एरर देतो, ती कुणी झेलली नाही, प्रोग्रॅम थांबला. मेमरी शाबूत, पण मायक्रोपायथॉन थांबतं तेव्हा रिलेची पिन आहे त्या स्थितीत राहते. मोटार चालू असेल तर चालूच, आणि आता फेज गेली तरी बघणारं कुणी नाही.

यावरचा पहिला उपाय वॉचडॉग: चिपमधला एक स्वतंत्र टायमर, ज्याला प्रोग्रॅमने ठरावीक वेळात ‘मी जिवंत आहे’ असं कळवलं नाही तर तो चिप रीसेट करतो. पाच-सात सेकंदांचा ठेवावा. आरपी२०४० वर कमाल साधारण ८.३ सेकंदच मिळतात. हे कळवणं मुख्य लूपमध्ये एकाच ठिकाणी, सगळी तपासणी झाल्यावर करावं. टायमरच्या इंटरप्टमधून, म्हणजे मुख्य काम मधेच थांबवून चालणाऱ्या छोट्या कोडमधून, कळवलं तर मुख्य काम अडकलेलं असतानाही वॉचडॉग शांत बसतो. ही चूक फार वेळा दिसते.

दुसरा उपाय वायरिंगचा. बरेच ऑटो स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर रिले जोडून दोन सेकंदांचा झटका देतात. मोटार सुरू झाल्यावर डबा मेला तरी ती चालूच राहते. त्याऐवजी एक रिले स्टार्टरला चालू धरून ठेवणाऱ्या नो-व्होल्ट कॉइलच्या वायरमध्येच घ्यावा, जो डब्याने सतत ओढून धरायचा. डबा मेला, रीसेट झाला, त्याची वीज गेली, काहीही झालं तरी रिले सुटतो आणि मोटार थांबते. रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या इनपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे जोडायला विसरू नये, कारण ईएसपी३२ च्या काही पिना सुरू होताना क्षणभर हाय होतात. आणि रीसेटनंतर मोटार लगेच सुरू करू नये. एका डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे ऑटो वीज आल्या आल्या एकदम उठले तर व्होल्टेज कोसळतं. प्रत्येक डब्याला एक ते पाच मिनिटांमधला वेगवेगळा उशीर द्यावा.

तिसरी अडचण हळूहळू वाढते. मायक्रोपायथॉन मोकळी झालेली मेमरी परत घेतं, पण वापरातले तुकडे सरकवून एकत्र करत नाही. महिनाभर चालल्यावर एकूण ६० केबी मोकळी असूनही सलग १६ केबी मिळत नाहीत आणि मेमरी एरर येते. सर्व्हरशी टीएलएसने, म्हणजे कूटबद्ध जोडणीने बोलायचं तर एकेक नोंद १६ केबीपर्यंतची असू शकते, त्यामुळे असा सलग तुकडा लागतोच. उपाय सिमकार्डवाल्यांचाच: मोठे बफर सुरुवातीलाच घेऊन ठेवा आणि तेच पुन्हा पुन्हा वापरा.

रेघ कुठे मारायची

एकदा वेळेचा हिशेब मांडला की पंपाच्या डब्यातली वाटणी जवळपास आपोआप होते. शॉर्ट सर्किट सॉफ्टवेअरकडे द्यायचंच नाही, त्यासाठी फ्यूज किंवा एमसीबी. करंट-व्होल्टेजची मोजणी आणि त्यावरून मोटार तोडणं नेटिव्ह. एसएमएस, पासवर्ड, वेळापत्रक, सर्व्हरला माहिती पाठवणं, मराठी-हिंदी उत्तरं हे सगळं मॅनेज्ड.

प्रत्यक्षात हे तीन तऱ्हांनी करता येतं. मोजणीचा भाग सीमध्ये लिहून मायक्रोपायथॉनच्या फर्मवेअरमध्येच (चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच) बसवता येतो. ईएसपी३२ ला दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे दोन भाग, आहेत. मोजणीचं स्वतंत्र टास्क दुसऱ्या कोअरवर ठेवलं की गार्बेज कलेक्शन त्याला थांबवत नाही. किंवा मोजणीला वेगळी छोटी चिप लावायची, जी सिरीयलवरून फक्त तयार आकडे देते आणि मोटार तोडायचा अधिकार स्वतःकडे ठेवते. किंवा एडीई७७५८ सारखी तीन-फेज वीजमापनाची तयार चिप घ्यायची. मला यांतला वेगळ्या छोट्या चिपचा मार्ग पटतो. दोन्ही चिपचे प्रोग्रॅम वेगवेगळे तपासता येतात, आणि मोबाईलकडच्या बाजूला काहीही घोळ झाला तरी मोटारीचं रक्षण त्यावर अवलंबून राहत नाही. खर्च थोडा वाढतो, पण मोटार रिवाइंड करायच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

दोन्ही बाजूंमधला संवाद जितका तोकडा, तितकं बरं. ‘चालू कर’, ‘बंद कर’, ‘स्थिती सांग’ आणि ‘मर्यादा बदल’ एवढ्या चार आज्ञा पुरेत. करंट मर्यादा बदलायची आज्ञा आली तर नेटिव्ह बाजूने ती आंधळेपणाने मानू नये. ५ एचपीच्या मोटारीला ४० अँपिअरची मर्यादा मागितली गेली तर नाकारावी.

रस्ट घेतलं तर दोन्ही मिळेल ना?

बरंचसं मिळेल. रस्ट नेटिव्ह आहे, त्यात गार्बेज कलेक्शन नाही, आणि मेमरीच्या बहुतेक चुका कंपाइल होतानाच अडवल्या जातात. गुगलने अँड्रॉइडमध्ये नवा कोड रस्ट आणि इतर सुरक्षित भाषांत लिहायला सुरुवात केली तेव्हा, २०१९ मध्ये, तिथल्या सुरक्षा-त्रुटींपैकी ७६ टक्के मेमरीच्या होत्या. २०२४ मध्ये ते प्रमाण २४ टक्क्यांवर आलं. जुना कोड तसाच ठेवून, फक्त नवा कोड नीट लिहून हे झालं.

ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफनेही रस्टला पाठबळ दिलं आहे. नवं उत्पादन पहिल्यापासून करत असाल आणि हाताशी शिकायला तयार माणसं असतील, तर नेटिव्ह भागासाठी सीपेक्षा रस्टचा विचार आधी करावा. अडचण जुन्या सामानाची आहे. जीएसएम मॉड्यूल, डिस्प्ले, मीटर चिप यांच्या लायब्ररी बहुधा सीमध्येच मिळतात, आणि त्या रस्टमधून बोलावल्या की तेवढ्या भागात रस्टची हमी उरत नाही. आणि वरच्या उदाहरणातला दुसरा शब्द न सापडण्याचा प्रश्न रस्टमध्येही तसाच राहतो. वॉचडॉग आणि नो-व्होल्ट कॉइलचं वायरिंग तिथेही लागतंच.

रनटाइमच बंद पडला तर?

ही भीती रास्त आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट मायक्रो फ्रेमवर्कवर लोकांनी उत्पादनं उभी केली. कंपनीने २००९ मध्ये तो मुक्त स्रोत केला, पण पुढे तिचं लक्ष उडालं. आज त्याच वाटेवरचं काम नॅनोफ्रेमवर्क या नावाने स्वयंसेवक पुढे नेत आहेत. गोदामांतल्या बारकोड मशीनवर वर्षानुवर्षं विंडोज सीई आणि डॉटनेट कॉम्पॅक्ट फ्रेमवर्क चालत होतं. त्या मालिकेतल्या शेवटच्या आवृत्तीचा, २०१३ च्या विंडोज एम्बेडेड कॉम्पॅक्टचा, विस्तारित आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला.

सीचा कोड चिप बदलली तरी बऱ्यापैकी सोबत येतो. मॅनेज्ड कोड रनटाइमशी बांधलेला असतो. म्हणून मुक्त स्रोत रनटाइमच घ्यावा, ज्या आवृत्तीवर चाचणी केली तिचा सगळा सोर्स आणि कंपायलर आपल्याकडे जतन करावा, आणि विकलेल्या प्रत्येक डब्यावर कुठली आवृत्ती आहे ते नोंदवावं.

अपडेट, बॅटरी आणि पैसे

शेतात बसवलेल्या डब्याला अपडेट पाठवताना मॅनेज्ड कोडचा फायदा ठळक दिसतो. २जी जोडणीवर सेकंदाला ५ केबी मिळाले तर दीड एमबीचं अख्खं फर्मवेअर उतरायला पाच मिनिटं लागतात, तीही रेंज मधे गेली नाही तर. २० केबीची स्क्रिप्ट चार सेकंदांत जाते. मात्र स्क्रिप्टलाही डिजिटल सही हवी. सही न तपासता मिळेल ती स्क्रिप्ट चालवणारा डबा हा सीमधल्या कुठल्याही त्रुटीइतकाच उघडा आहे.

बॅटरीवरच्या सेन्सरचा हिशेब वेगळा. जमिनीतला ओलावा दर दहा मिनिटांनी कळवणारा सेन्सर प्रत्येक वेळी २ सेकंद जागा राहून ८० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला ६.४ मिलिअँपिअर-तास जातात. झोपेतला खर्च धरून २,५०० ची बॅटरी साधारण वर्षभर पुरेल. जागेपणाचा वेळ १ सेकंद झाला तर जवळपास दोन वर्षं. नेटिव्ह कोड लवकर सुरू होऊन लवकर झोपतो, पण आधी मोजून बघा: बराचसा वेळ नेटवर्क मिळण्यात जात असेल तर भाषा बदलून बॅटरी वाचणार नाही.

पैशांचं गणित संख्येवर ठरतं. मॅनेज्ड कोडसाठी ६० रुपये महाग चिप लागली, तर २०० डब्यांमागे १२,००० रुपये जास्त जातात. एका कुशल माणसाच्या महिन्याभराच्या पगाराहून ते कमीच. एक लाख डब्यांमागे तेच ६० लाख होतात, आणि मग सगळं नेटिव्हमध्ये लिहून घेणं परवडतं.

ठरवण्याआधी मोजा

वाटणी कागदावर ठरली की एक साधी चाचणी करावी. मॅनेज्ड बाजूच्या मुख्य लूपच्या प्रत्येक फेरीत एक मोकळी पिन उलटवा आणि तिला लॉजिक अ‍ॅनालायझर, म्हणजे पिनची उघडझाप वेळेसह नोंदवणारं उपकरण, लावा. तो नसेल तर दोन फेऱ्यांमधलं सर्वात मोठं अंतर कोडमध्येच जपून ठेवा. सरासरी बघू नका. डबा ४८ तास चालवा आणि त्या काळात त्याला छळा: सिम काढा, अँटेना सोडवा, एका मिनिटात वीस एसएमएस पाठवा, त्यांत ७० अक्षरांचे मराठीही असू द्या, सेटिंग वारंवार सेव्ह करा, बल्ब-भार लावून एक फेज तोडा. जीएसएम मॉड्यूल टॉवरला सिग्नल पाठवताना २ अँपिअरपर्यंत झटके घेतं, तेव्हा वीजपुरवठा खचून चिप रीसेट होते का तेही बघा. असे रीसेट प्रोग्रॅमचा दोष समजून लोक आठवडे घालवतात.

शेवटी सर्वात मोठं अंतर हाती येईल. ते त्या कामाच्या मुदतीच्या एक-तृतीयांशाच्या आत असेल तर काम मॅनेज्डमध्ये राहू द्या. त्याच्या वर गेलं, तर तेवढं एकच काम उचलून नेटिव्ह बाजूला हलवा आणि पुन्हा ४८ तास लावा.